फ्रीलान्स कामाचा साधा करार मराठीत, एका पानात कसा लिहायचा? (सोलापूर)

कॅटलॉगवाली | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात सहा वर्षांपासून घरूनच ग्राफिक डिझाइनची कामं करते. गणवेशाचे कारखाने, टॉवेलवाले, एक-दोन शेंगा चटणीवाले असे माझे ग्राहक. आजवर सगळं तोंडी चाललं. ओळखीतून काम येतं, दुकानात चहा घेता घेता रक्कम ठरते, थोडा विसार हातावर पडला की काम सुरू.

गेल्या हंगामात मात्र अडकले. गणवेशाचं चाळीस पानी कॅटलॉग होतं. ३८,००० रुपये ठरले, १०,००० विसार मिळाला. पहिला मसुदा मी पंधरा दिवसांत दिला. मग बदल सुरू झाले. आधी रंग, मग अक्षरं, मग मालकांच्या जावयांना पानाचा आकारच वेगळा हवा झाला, मग बावीस पानं वाढली. नंतर मोजलं तर मी अकरा वेळा पूर्ण फाइल पाठवली होती. शाळा सुरू व्हायच्या तोंडावर त्यांनी सातव्या फाइलवरून छापून घेतलं, वाटलं, ऑर्डरी घेतल्या. बाकीच्या २८,००० रुपयांचं विचारलं की उत्तर येतं, "काम अजून पुरं कुठं झालंय?"

पुढच्या कामापासून लेखी करार करायचाच असं ठरवलंय. नेटवर जे इंग्रजी नमुने मिळतात ते आठ-दहा पानी, त्यात परदेशातल्या कोर्टाचं नाव, आणि आमच्या बाजारपेठेत तो कागद पुढे केला तर समोरचा माणूस कामच देणार नाही. मला एका पानाचा, मराठीतला, दोघांनाही वाचता येईल असा कागद हवाय. त्यात काय असलंच पाहिजे? स्टॅम्प पेपर लागतो का? नोटरी लागते का?

जुळेसोलापूर | रविवार, रात्री १०.०५

ताई, हे माझ्या बाबतीत दोनदा झालंय. मी वेबसाइट बनवतो. माझा एकच नियम आहे: निम्मे पैसे आधी, निम्मे साइट चालू करायच्या आधी. करार वगैरे केला नाही कधी. पैसे आले नाहीत तर साइट चालू करत नाही.

कॅटलॉगवाली | रविवार, रात्री १०.१२

दादा, तुमच्याकडे किल्ली असते. माझ्याकडे फाइल एकदा गेली की गेली. मसुदा दाखवायला पाठवला तरी त्यावरून छापता येतं, हे मला आता कळलंय.

फोटोफ्रेम | रविवार, रात्री १०.३०

मसुदा पाठवताना कमी रिझोल्यूशनचा, आडवा 'नमुना' असा शिक्का मारूनच पाठवत जा. मी उत्पादनांचे फोटो काढतो, शिक्का नसलेला एकही फोटो पूर्ण पैसे आल्याशिवाय बाहेर जात नाही. कराराचं मलाही शिकायचंय, धाग्यावर आहे.

नक्षीकागद | सोमवार, सकाळी ६.५०

पोरी, मी चाळीस वर्षं चादरीच्या नक्ष्या काढल्या. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, त्यावरून पंचिंगवाला पुठ्ठ्याची कार्डं पाडायचा, ती कार्डं नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागावर चढायची. लिहून काही नसायचं. तरी भांडणं फार झाली नाहीत, त्याचं कारण सांगतो. कार्डं मागावर चढली, पहिली चादर उतरली, मालकानं ती हातात धरून उजेडात बघितली आणि "लावा" म्हटलं की माझं काम संपलं. हे त्यालाही ठाऊक, मलाही ठाऊक. त्यानंतर त्याला मोराच्या जागी कमळ पाहिजे असेल तर ती नवी नक्षी, नवे पैसे.

तुझ्या कामात ती पहिली चादर कोणती? तुझ्या त्या मालकाशी ते ठरलंच नव्हतं. रकमेवरून तुमचं भांडण झालेलंच नाही, बघ की. ३८,००० दोघांनाही कबूल होते.

कॅटलॉगवाली | सोमवार, सकाळी ८.१५

अण्णा, तुमचा प्रतिसाद सकाळपासून तीनदा वाचला. खरंच, 'पूर्ण' म्हणजे काय हे आम्ही बोललोच नव्हतो. मी मनात धरलं होतं की दोन-तीन बदल होतील. त्यांनी मनात धरलं होतं की मनासारखं होईपर्यंत.

मुरारजीपेठ | सोमवार, दुपारी २.२०

मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. कोर्टातून आत्ताच आले, सविस्तर लिहिते. हा सर्वसाधारण सल्ला समजावा. मोठ्या रकमेचा करार असेल तर कागद वकिलाला दाखवून घ्या.

पहिलं म्हणजे तोंडी करारही करारच असतो. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १० मध्ये सज्ञान पक्ष, मोकळी संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश एवढंच मागितलंय. अशा कामाचा करार लेखीच हवा असं त्यात नाही. त्यामुळे ताईंचे २८,००० बुडाले असं समजू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश, पाठवलेल्या अकरा फाइलींच्या तारखा, विसाराची बँकेतली नोंद आणि छापलेलं कॅटलॉग हा सगळा पुरावा आहे. छापलेली एक प्रत आजच मिळवून ठेवा. अशा पैशांच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते, पण तोवर थांबू नका. आधी रीतसर बिल, मग लेखी नोटीस.

मग कागद कशासाठी? एक फायदा फार थोड्यांना माहीत असतो. ठरलेली रक्कम लेखी करारात असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात समोरच्याला आधी बचाव करायची परवानगी कोर्टाकडून मागावी लागते. तोंडी व्यवहारात ही वाट नाही.

स्टॅम्प पेपर: महाराष्ट्रात अशा साध्या करारावर पूर्वी १०० रुपयांचा मुद्रांक लागायचा, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० लागतो. मुद्रांक नाही म्हणून करार रद्द ठरत नाही, पण तो पुरावा म्हणून कोर्टात दाखल करताना अडचण येते आणि शुल्क दंडासह भरावं लागतं. पाच-सात हजारांच्या कामाला कोणी ५०० घालणार नाही, हे मला कळतं. तिथे ईमेलवर अटी पाठवा आणि "मान्य" असं उत्तर घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणावरून करार नाकारता येत नाही. मात्र ते ईमेल कोर्टात मांडायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ संदेश फोनमधून पुसू नका. फोन बदलला तरी जपा.

नोटरी लागत नाही. मराठीत लिहिलेला करार पूर्ण चालतो.

आता अण्णांच्या पहिल्या चादरीबद्दल. कायद्यातही ती आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ वाचा. माल किंवा सेवा दिल्यापासून पंधरा दिवसांत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली नाही, तर दिला त्याच दिवशी ते स्वीकारलं असं तो कायदा धरतो. पैसे देण्याची मुदत लेखी ठरली असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सुकरता परिषदेकडे, म्हणजे लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन करता येते.

यासाठी तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, हवी. ती आधारवर, ऑनलाइन, मोफत होते. कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. घरून एकटीने सेवा देणारी बाईसुद्धा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकते. नोंदणी काम घ्यायच्या आधी करा. नंतर नोंदवून जुन्या बिलाला फायदा मागितला की तिथूनच नवा वाद सुरू होतो.

कडकभाकरी | सोमवार, दुपारी ३.००

वकीलताई, खूप आभार. मी तेलुगू-मराठी भाषांतर करते. उद्यम नोंदणी फक्त कारखान्यांसाठी असते असंच आजवर वाटायचं. आज रात्रीच करते.

गणवेशवाला | सोमवार, संध्याकाळी ७.३०

दुसऱ्या बाजूनेही कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहितो. माझं अक्कलकोट रस्त्याला छोटं गणवेशाचं युनिट आहे. ताईंच्या बाबतीत जे झालं ते चूकच झालं. छापून विकल्यावर काम अपुरं म्हणता येत नाही.

पण आमचंही ऐका. आमचा हंगाम ठरलेला असतो. शाळा उघडायच्या आत कॅटलॉग व्यापाऱ्याच्या हातात पडलं नाही तर त्या वर्षापुरतं ते रद्दी. मागच्या वर्षी एका मुलाला काम दिलं, निम्मे पैसे दिले, तो फोनच उचलेना. महिन्याने कळलं की त्याला पुण्यात नोकरी लागली. मूळ फाइल त्याच्याकडे, माझ्याकडे नुसती पीडीएफ. दुसऱ्या डिझायनरने पहिल्यापासून पैसे घेतले.

म्हणून करार करणार असाल तर त्यात आमच्यासाठीही लिहा: तारीख कोणती, चुकली तर काय, मूळ फाइल मिळणार का, काम अर्धवट सोडलं तर विसार परत येणार का. असा कागद कोणी माझ्यापुढे ठेवला तर मी रागावणार नाही, उलट निर्धास्त होईन. आणि ते ४५ दिवसांचं आमच्या सीएनेही सांगितलंय. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तशी तरतूद आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं त्या मुदतीत दिलं नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देऊ तेव्हाच वजा करता येतो. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक असला की हिशेबनीस स्वतःच आठवण करतो.

कॅटलॉगवाली | सोमवार, रात्री ९.१०

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. मूळ फाइलचा विचार मी केलाच नव्हता. माझ्या डोक्यात ती माझी, ग्राहकाला छापायची पीडीएफ. पण ग्राहकाला आधी सांगितलं तर पाहिजे.

वकीलताई, डिझाइन नक्की कोणाचं असतं? पैसे दिले म्हणजे त्यांचं झालं का?

मुरारजीपेठ | सोमवार, रात्री १०.२५

इथे कामागणिक उत्तर बदलतं, म्हणून नीट वाचा.

कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक निर्माता स्वतः. तुम्ही पगारी नोकर नाही, त्यामुळे मजकूर, मांडणी, भाषांतर, सॉफ्टवेअर यांचा हक्क पैसे मिळाले तरी आपोआप ग्राहकाकडे जात नाही. तो लेखी, सही करून द्यावा लागतो. कलम १९ सांगतं की हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरायचं. म्हणून "सर्व हक्क दिले" एवढंच लिहिणं दोघांच्याही हिताचं नाही. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कुठे, किती मोबदल्यात ते लिहा. आणि "पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील" हे वाक्य घाला. ताईंच्या करारात हे एक वाक्य असतं तर सातव्या फाइलवरून केलेली छपाई हा कॉपीराइटचाही प्रश्न झाला असता हे साफ मांडता आलं असतं.

फोटोफ्रेमदादा, तुमचं उलटं आहे. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेला फोटो, पेंटिंग, व्यक्तिचित्र किंवा चित्रपट असेल तर वेगळा करार नसताना पहिला मालक सांगणारा असतो. तुम्हाला ते फोटो स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवायचे असतील तर तशी परवानगी करारात लिहून घ्या.

आणि चादर-टॉवेलच्या नक्षीचं गणित आणखी निराळं. ती डिझाइन कायदा, २००० मध्ये येते. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी काढलेल्या डिझाइनचा मालक तिथे काम देणारा. त्यातही नोंदणीयोग्य नक्षी नोंदवली नाही आणि तिच्या पन्नासपेक्षा जास्त वस्तू यंत्रावर निघाल्या, तर तिच्यावरचा कॉपीराइटच संपतो. माग एकदा सुरू झाला की पन्नास चादरींना वेळ लागत नाही. त्यामुळे नक्षी काढणाऱ्यांनी हक्काच्या आशेवर दर कमी करू नयेत, पैसे आधीच नीट ठरवावेत.

फोटोफ्रेम | सोमवार, रात्री १०.४०

बाप रे. बारा वर्षं मी फोटो माझेच समजत होतो. उद्यापासून ती ओळ माझ्या कोटेशनमध्ये.

नक्षीकागद | मंगळवार, सकाळी ६.४०

वकीलबाई, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. माझी एक नक्षी चार कारखान्यांत चालली, मला एकदाच पैसे मिळाले. त्याचं दुःख नाही, पण नव्या पोरांना हे माहीत असायला पाहिजे.

हुतात्माएक्सप्रेस | मंगळवार, सकाळी ७.३०

गाडीतून लिहितोय, पुण्याला चाललोय. मी पुण्या-मुंबईच्या एजन्सीजची कामं करतो. तिथे करार तेच पाठवतात. दोन कलमं हमखास असतात, त्याबद्दल विचारायचंय. एक, "काम संपल्यावर दोन वर्षं या क्षेत्रातल्या दुसऱ्या ग्राहकाचं काम करणार नाही." दोन, "उशीर झाल्यास दररोज २,००० दंड." सही करून बसलोय.

मुरारजीपेठ | मंगळवार, दुपारी १.५०

पहिल्या कलमाला फार घाबरू नका. करार संपल्यानंतर धंदा करायला बंदी घालणारी अट करार कायद्याच्या कलम २७ खाली निरर्थक ठरते. गुप्तता पाळायची अट मात्र वेगळी, ती पाळा. दंडाचं कलम ७४ मध्ये येतं. लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, कोर्ट त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देतं. तरी सही करायच्या आधी "ग्राहकाकडून मजकूर, फोटो किंवा मंजुरी उशिरा मिळाल्यास तेवढे दिवस मुदत वाढेल" हे घालून घेत जा. आणि न्यायालय कोणतं ते बघा. पुण्याच्या कोर्टाची अट असेल तर १५,००० रुपयांसाठी तुम्ही तारखांना जाणार का, याचा विचार सहीआधीच व्हायला हवा. ज्या कोर्टाला मुळात अधिकार आहे त्यांतूनच एक निवडता येतं. काम सोलापुरात होत असेल, पैसे इथे द्यायचे असतील तर तसं लिहून सोलापूरचं न्यायालय मागा.

कॅटलॉगवाली | बुधवार, रात्री ११.१५

मंडळी, दोन रात्री बसून मसुदा तयार केलाय. पक्षांची नावं, पत्ते, पॅन आणि माझा उद्यम क्रमांक वर येईल (नोंदणी काल केली). पुढचा मजकूर असा:

*"काम: गणवेशाचे कॅटलॉग, ४० पाने, ए-४ आकार, मराठी मजकूर. फोटो व मजकूर ग्राहक देतील. छपाई, फोटो काढणे, भाषांतर या कामात धरलेले नाही.*

*पहिला मसुदा सर्व साहित्य मिळाल्यापासून १५ दिवसांत. साहित्य उशिरा मिळाल्यास तेवढे दिवस मुदत वाढेल. डिझायनरच्या कारणाने मुदत १० दिवसांहून अधिक चुकल्यास ग्राहक करार रद्द करून विसार परत घेऊ शकतात.*

*दुरुस्तीच्या दोन फेऱ्या रकमेत धरल्या आहेत. एका फेरीतील सर्व बदल एकत्र, लेखी, ग्राहकाच्या वतीने एकाच व्यक्तीने कळवायचे. त्या व्यक्तीचे नाव ______. तिसऱ्या फेरीपासून प्रत्येक फेरीस २,००० रुपये. वाढीव पान ७०० रुपये. पानाचा आकार बदलल्यास नवे काम धरले जाईल.*

*काम पूर्ण झाले असे केव्हा समजायचे: ग्राहकाने लेखी मंजुरी दिली तेव्हा, किंवा अंतिम मसुदा मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी हरकत कळवली नाही तेव्हा, किंवा कोणत्याही मसुद्यावरून छपाई अथवा प्रसार केला तेव्हा, यांपैकी जे आधी होईल ते.*

*रक्कम: ३८,००० रुपये. सहीच्या वेळी ४० टक्के, पहिल्या मसुद्यानंतर ३० टक्के, काम पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत ३० टक्के. शिक्का नसलेली छपाईची फाइल पूर्ण रकमेनंतर. टीडीएस (आयकराची कपात) कापल्यास प्रमाणपत्र द्यावे.*

*पूर्ण रक्कम मिळाल्यावर या कॅटलॉगचे पुनर्मुद्रण, रूपांतर व प्रसाराचे हक्क जगभरासाठी, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, वरील रकमेतच ग्राहकाकडे जातील. मूळ संपादनयोग्य फाइल हवी असल्यास ६,००० रुपये अधिक. डिझायनर हे काम नमुना म्हणून दाखवू शकेल.*

*ग्राहकाने मध्येच काम थांबवल्यास झालेल्या टप्प्यापर्यंतची रक्कम देय. डिझायनरने काम सोडल्यास झालेल्या कामाच्या मूळ फाइली ग्राहकास विनामूल्य देईल. वाद झाल्यास आधी समोरासमोर बोलणी, नंतर सोलापूर येथील न्यायालय."*

'पूर्ण' वालं कलम लिहिताना अण्णांची चादर डोळ्यांसमोर होती. आणि "एकाच व्यक्तीने" हे माझ्या जुन्या ग्राहकाकडच्या अनुभवावरून घातलंय.

गणवेशवाला | गुरुवार, सकाळी ९.३०

मी यावर सही करेन. एकच बदल मागतो. ७ दिवस थोडे आहेत. मी माल घेऊन बाहेरगावी असतो, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तर दुकानात कोणाला मान वर करायला वेळ नसतो. १० करा. आणि मूळ फाइलचे ६,००० आधीच रकमेत धरून सांगत जा, वेगळं मागितलं की लोकांना ते लपवल्यासारखं वाटतं.

जुळेसोलापूर | गुरुवार, सकाळी १०.००

वेबसाइटसाठी यात डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) कोणाच्या नावावर, दरवर्षी पैसे कोण भरणार, हे घालावं लागेल. डोमेन ग्राहकाच्याच नावावर घ्या, तोच पुढे भांडणाचा विषय होतो. मसुदा उचलतोय, ताई.

मुरारजीपेठ | गुरुवार, दुपारी २.४०

चांगला झालाय. दोन गोष्टी. कॉपीराइट कायद्यात अशीही तरतूद आहे की दिलेले हक्क घेणाऱ्याने वर्षभरात वापरले नाहीत तर ते परत जातात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. ग्राहकाला हे सांगून टाका, लपवू नका. दुसरं, दोन्ही प्रतींवर प्रत्येक पानाला सह्या घ्या. भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर सही करणारा कोणत्या अधिकाराने करतोय ते लिहा. जावयांनी सही केली आणि मालकांनी हात वर केले असं नको व्हायला.

जुन्या २८,००० साठी बिल पाठवलंत का?

कॅटलॉगवाली | शनिवार, संध्याकाळी ६.२०

पाठवलं, स्पीड पोस्टाने, सोबत अकरा फाइलींच्या तारखांचा तक्ता आणि छापील कॅटलॉगच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. पोचपावती आली आहे. पंधरा दिवस वाट बघते, मग नोटिशीसाठी तुमच्याकडे येते, ताई.

आणि नव्या मसुद्यावर आज पहिली सही झाली. टॉवेलचा कारखाना, अशोक चौकाजवळचा. मालक साठीचे, घरी तेलुगू बोलणारे, मराठी सावकाश वाचतात. त्यांनी चष्मा लावून पूर्ण कागद वाचला, 'पूर्ण' वाल्या कलमावर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे मी छापलं की संपलं?" मी हो म्हटलं. त्यांनी ७ खोडून १० केले, त्यापुढे दोघांनी सही केली, आणि १६,००० चा चेक दिला.

त्यांच्या भावाला तेलुगू प्रत हवी आहे. कडकभाकरी ताई, हे काम तुम्ही कराल का? दर सांगा, अटी लिहून पाठवते.

कडकभाकरी | शनिवार, संध्याकाळी ६.४५

करते. एक पान आहे, ६०० रुपये, मंगळवारपर्यंत, एक दुरुस्ती धरून. ईमेलवर "मान्य" असं लिहून पाठवा.

कॅटलॉगवाली | शनिवार, संध्याकाळी ६.५०

मान्य. ईमेल केलाय.